पहिले सहा महिने, शेवटचे सहा महिने

ईस्ट हॅरो
११ मे १९८७

हॅना,

तुझ्याशी बोलणार नाही असं मी म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. तेव्हा पत्रपेटीत हे पाकीट बघून खूश होऊ नकोस, मी काही विरघळलेली नाही.

शनिवारच्या गावसभेत तू पंचांच्या टेबलामागे आईचा निळा स्वेटर घालून बसली होतीस. मुद्दाम घातलास ना? मला बघवेना म्हणून मी सगळा वेळ सभापतींच्या बुटांकडे बघत होते. तीन पंचांपैकी एक माझी सख्खी धाकटी बहीण, त्यात पुन्हा अध्यक्ष, आणि तिला मुदतीआधी घरी बसवता यावं म्हणून मी मताचं कार्ड वर करतेय! आई असती तर दोघींनाही कान धरून बाहेर काढलं असतं.

पण मी तरी करणार काय? जानेवारीत तू गावची अॅम्ब्युलन्स बंद केलीस. ‘पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, शाळेचं छप्पर किंवा गाडी’ हे तुझं तुणतुणं मला पाठ झालंय. ज्या आठवड्यात तू गाडीला कुलूप लावलंस त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आल्डनची छाती तपासून मला बाजूला घेतलं होतं, आणि ते तुला माहीत होतं. आता माझ्या नवऱ्याला काही झालं तर गाडी यायची पलीकडच्या गावाहून, पूल ओलांडून, चढ चढून. तीसुद्धा त्यांच्या एखाद्या माणसाला नको असेल तर.

आणि कायदा तरी कसला नामी बघ. तुला घरी बसवायचं तर गावाला ते आपल्या मनाने करता येत नाही. गावसभेने ठराव करायचा, तो बॉस्टनला विधिमंडळाकडे जायचा, तिथे खास ईस्ट हॅरोपुरता कायदा पास व्हायचा, मग कुठे गावकऱ्यांच्या सह्या आणि मग निवडणूक. आणि ठराव बॉस्टनला पाठवायचा कोणी, तर पंचांच्या अध्यक्षांनी. म्हणजे तूच! सभापतींनी हे वाचून दाखवलं तेव्हा मागच्या रांगेत लोक खो खो हसले. मला हसू आलं नाही.

वखारवाल्या वेंडलने ठराव छान मांडला, हातवारे करून, घाम पुसून. आता मत घेणार, तेवढ्यात आमचे उपसूचनावाले उठले. मी त्याचा कोट धरला होता, तरी उठला. तीस वर्षांत एक गावसभा गेली नसेल ज्यात आल्डन स्टेटसनने उपसूचना मांडली नाही.

“बसा हो आल्डन, घरी बीन्स करपतायत!” कोणीतरी ओरडलं.

“करपू देत. लोइसला सवय आहे,” हा म्हणतो. भर सभेत!

मग म्हणाला, “माणूस निवडून आला की पहिले सहा महिने त्याला शिकू द्या, तेव्हा काढायचं नाही. तीन वर्षांच्या मुदतीचे शेवटचे सहा महिने आवराआवर करू द्या, तेव्हाही काढायचं नाही. मधली दोन वर्षं आहेतच की. हाकला काय हाकलायचं ते.”

सगळी सभा हसली आणि सगळ्यांनी कार्डं वर केली. तूही हसलीस, मी पाहिलं. घरी येताना मी त्याला म्हटलं, “अरे, आपण तिला काढायला निघालोय की तिची सोय बघायला?” तर म्हणे, “कायदा हॅनासाठी नाही करत आपण. तिच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकासाठी करतोय.” त्याला तुझा राग येतच नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा तू नऊ वर्षांची. आम्ही फिरायला निघालो की मागून पळत यायचीस, ‘डेनी, मला पण! डेनी, मला पण!’ त्याला डेनी म्हणणारी जगात तू एकटी. माझ्या तोंडात ते नाव कधी बसलंच नाही.

तो बरा आहे. तू विचारणार नाहीस म्हणून सांगते. ठराव लवकर पाठव.

लोइस

२० जुलै १९८७

हॅना,

शनिवारी कचरा डेपोवर तू मला गाठलंस. मी बाटल्या टाकत होते, तू पुठ्ठे घेऊन शेजारी येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, “ठराव जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवला, लोइस. पोचपावती दाखवू?”

मी बाटल्या टाकत राहिले. अख्खं गाव कचरा टाकायचं सोडून आपल्याकडे बघत होतं. वेंडल नंतर माझ्या कानाशी लागला, “खणात दाबून ठेवला असेल तिने. लिहून घे माझ्याकडून.” तेव्हा आज सकाळी मी बॉस्टनला फोन लावला. एका बाईपासून दुसरीकडे, दुसरीपासून तिसरीकडे असं करत शेवटी एकीने सांगितलं की ईस्ट हॅरोचा कागद आलाय, जूनमध्येच आलाय, रांगेत आहे.

म्हणजे तू खरं बोललीस. मला ते अजिबात आवडलं नाही.

आल्डन ठणठणीत आहे. मटार सोलायला खुर्ची घेऊन बसतो, पण या उकाड्यात कोण उभं राहून सोलेल?

लोइस

१ डिसेंबर १९८७

हॅना,

या गावापुढे मी हात टेकले.

ऑक्टोबरात बॉस्टनहून ठराव परत आला तेव्हा मला वाटलं, झालं, पास झाला. पाकीट उघडून तू चिटणीस युनिसला दिलंस, युनिसने मला वाचून दाखवलं. कलम दोन म्हणतं शेवटचे सहा महिने काढता येणार नाही, मागच्या पानावरचं कलम सात म्हणतं शेवटचे तीन महिने. तेव्हा गावाला नेमकं काय हवंय ते गावानेच ठरवून कळवावं. मी घरी येऊन आल्डनला विचारलं, “उपसूचना मांडताना तू मागचं पान वाचलं होतंस का रे?”

“चष्मा घरी राहिला होता,” म्हणाला.

चष्मा घरी राहिला होता! मी ओरडले, मग रडले, मग त्याच्यासाठी सूप गरम केलं. दुसरं काय करणार?

तू खास सभा लगेच बोलावलीस, कबूल. नोटिशीचे दिवस मोजून पहिली मिळेल ती तारीख घेतलीस, तेही कबूल. पण ती निघाली हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. अगं, या गावात त्या दिवशी कोणी मेलं तरी दुसऱ्या दिवशी पुरतात. हॉलमध्ये आलं कोण? म्हाताऱ्या बायका, पाद्री आणि आल्डन, चष्मा घालून. ज्या वेंडलने ठराव मांडला, तो कुठे होता माहीत आहे? जंगलात, झाडावर, बंदूक घेऊन.

कोरम भरेना. सभापती घड्याळाकडे बघायला लागले. आणि तू उठलीस, बाहेरच्या फोनवर गेलीस आणि घरोघर फोन लावायला लागलीस. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. “मेबल, नवरा आला का परत? तसाच पाठव त्याला, बूट काढू नको म्हणावं. कोरम भरत नाहीये.” स्वतःला हाकलायचा कायदा व्हावा म्हणून तू लोकांच्या विनवण्या करत होतीस! हॅना, त्या क्षणी मला तुझा जेवढा राग आला तेवढा गाडी बंद केलीस तेव्हाही आला नव्हता. सरळ वाईट वागली असतीस तर माझं काम किती सोपं झालं असतं.

चार-पाच जण आले, रक्ताचे हात घेऊन. तरी भरला नाही. सभा बरखास्त, विषय मे महिन्यापर्यंत पुढे.

एक सांगायचं राहिलं. जुलैत मी ठणठणीत लिहिलं ते खोटं होतं. तो आदल्याच दिवशी मटारच्या वाफ्यात पडला होता. त्याचे ओठ निळे पडले होते. मी फोन केला आणि गाडी येईपर्यंत त्याच्या शेजारी चिखलात बसून राहिले. खूप वेळ बसले. त्या खेपेला तो आपला आपण सावरला, म्हणून वाचला. आपली गाडी कुलपात उभी आहे ते गॅरेज माझ्या वाफ्यातून दिसतं, हे तुला माहीत असेलच.

कायदा गेला खड्ड्यात. तुला कोणी काढणार नाही, वेंडलच्या सह्यांचे कागद मी स्वतः चुलीत घालते. फक्त गाडी सुरू कर. दिवसाची तरी कर. मी कधी तुझ्याकडे काही मागितलंय का?

लोइस

९ मे १९८८

हॅना,

माझ्या पत्राला तुझं एका ओळीचं उत्तर आलं: ‘छप्पर अर्धं उघडं आहे, मुलं खाली बसतात, आता थांबवता येत नाही, पूर्ण झालं की गाडीचं बघते.’ ते मी मिठाच्या डब्याखाली ठेवलंय. रोज दिसतं.

शनिवारच्या सभेबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग सांगू कोणाला? मी पंधरा दिवस आल्डनच्या मागे लागले होते की तीन महिने म्हण. सहाचं भूत सोड. तुझी मुदत पुढच्या मे महिन्यात संपते. बॉस्टनवाल्यांनी वेळ लावला तर शेवटच्या सहा महिन्यांत तू अलगद जाऊन बसशील आणि मग तुला कोणी हात लावू शकणार नाही. तीन ठेवले तर निदान थोडी तरी फट राहते. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मला वाटलं, ऐकलं.

सभेत त्याला उठायला वेंडलने आधार दिला. एवढा मोठा माणूस होता गं तो, रस्त्यावरचा बर्फ हटवायचा गावाचा ट्रक चालवायचा. कोट खांद्यावरून घसरत होता.

“मागच्या वर्षी मी मागचं पान वाचलं नव्हतं,” तो म्हणाला. “आता वाचलंय. माझी सूचना अशी आहे की दोन्हीकडे सहा करावे.”

वेंडल म्हणाला, “आल्डन, विचार कर बाबा. गाडी तुलाच लागणारे.”

“म्हणूनच,” हा म्हणाला. “माझ्या छातीच्या मापाने कायदा शिवायचा नाही.”

आणि गावाने काय केलं? गावाला गहिवर आला! त्याच्याकडे बघून सगळ्यांनी कार्ड वर केलं, बायका डोळे पुसत होत्या. मीही केलं. भर सभेत नवऱ्याविरुद्ध हात कसा वर करायचा? एक तू तेवढी कार्ड मांडीवर ठेवून खाली मान घालून बसलीस.

घरी आल्यावर मी त्याच्याशी बोलले नाही. रात्रीचं जेवण समोर आदळलं. तो म्हणाला, “रागावलीस?” मी म्हटलं, “तुझ्या न्यायबुद्धीला भाजून खाऊ का मी आता?” तो इतका हसला की त्याला खोकला आला.

ठराव पाठव. तू वेळेवर पाठवशील, माहीत आहे मला.

लोइस

२९ ऑगस्ट १९८८

हॅना,

चर्चमध्ये तू शेवटच्या बाकावर बसलीस ते बरं केलंस. पुढे आली असतीस तर मी काय केलं असतं ते माझं मलाच माहीत नाही.

लोक विचारतात म्हणून सांगून सांगून आता पाठ झालंय. दुपार होती. तो मक्याची कणसं तोडून आणत होता, चार कणसं हातात होती. पायरीवर बसला आणि म्हणाला, “लोइस, जरा पाणी दे.” पाणी घेऊन येईपर्यंत आडवा झाला होता. फोन केला. पलीकडच्या गावची गाडी त्यांच्या जत्रेत उभी होती, तिथे एक मूल पाळण्यावरून पडलं होतं. त्यांना दोष कसा देऊ? ते त्यांचं मूल होतं. गाडी आली तेव्हा मी आल्डनचा हात सोडून दिला होता, कारण तो गार झाला होता आणि मला ते सहन होईना.

आपली गाडी तिथेच उभी होती. पायरीवरून गॅरेजचं दार दिसतं. मी सगळा वेळ त्या दाराकडे बघत होते.

तू पायरीवर ठेवलेला मॅकरोनीचा डबा मी जसाच्या तसा तुझ्या पायरीवर आणून ठेवला. पुन्हा काही ठेवू नकोस.

लोइस

४ जानेवारी १९८९

अध्यक्षबाई,

कायदा पास झाल्याची प्रत तू माझ्या पत्रपेटीत टाकलीस, धन्यवाद. चिठ्ठी नाही, काही नाही. नाताळानंतर दोन दिवसांनी सही झाली म्हणे. खाली शिक्का आहे, चांगला ठसठशीत उमटलाय.

मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला, मागच्या पानासकट. कलम दोन: मुदतीचे शेवटचे सहा महिने. कलम सात: मुदतीचे शेवटचे सहा महिने. कुठेही चूक नाही. आल्डनला फार आवडला असता. तुझे शेवटचे सहा महिने नोव्हेंबरातच सुरू झाले, तेव्हा तू सुखाने आवराआवर कर.

वेंडल आला होता. दारातच टोपी काढून म्हणाला, “आपण जिंकलो, लोइस. कायदा झाला.” मी त्याला म्हटलं, “घरी जा वेंडल.” बिचारा गेला.

शाळेचं छप्पर झालेलं मी पाहिलं. सुंदर झालंय. बर्फ टिकत नाही त्याच्यावर. आता गाडीचं बघणार होतीस, तर ऐकते की शाळेचा बॉयलर फुटला. खरंच फुटला असणार. तू खोटं कशाला बोलशील? मी तुझ्याशी भांडायला पेन उचललं होतं, पण भांडायला काहीतरी परत मिळण्याची आशा लागते, आणि मला आता कशाचीच आशा नाही. मी सकाळी उठते, दोन कप काढते, एक परत ठेवते. एवढं केलं की दिवस संपतो.

लोइस

९ मे १९८९

हॅना,

हे शेवटचं. उद्यापासून लिहिणारही नाही.

तुझ्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नाही. मी वेंडलकडे गेले होते, वखारीत. म्हटलं, “दोन वर्षं बोंबललास, आता उभा राहा.” तर भुसा झटकत म्हणतो, “मी? दर सोमवारी बैठका, वर लोकांच्या शिव्या, वखार कोण बघणार? तू राहा ना उभी.” मी! मला बुटाची नाडी बांधायचं जिवावर येतं. आणि तोच वेंडल म्हणाला, “तशी हॅना वाईट नाही गं. काम करते बिचारी.” विधिमंडळाकडून कायदा आणवला या लोकांनी, दोन वर्षं घातली, आणि तुझ्या जागी बसायला या गावात एक ढुंगण मिळालं नाही.

मतपत्रिकेवर एकच नाव होतं, तुझं. खाली एक रिकामी ओळ, हवं ते नाव लिहायला. आल्डन म्हणायचा, एकच नाव असलं तरी मत द्यायला जायचं. म्हणून गेले. त्या ओळीवर मी त्याचं नाव लिहिलं, आडनावासकट, नीट अक्षरात. मेलेल्या माणसाला मत देऊ नये हे मलाही कळतं. पण तुला द्यायला हात उठेना, आणि दुसरं नाव मला सुचलं नाही.

मतदान शाळेतच होतं, मतं मोजून होईपर्यंत मी तिथे थांबले होते. तू पलीकडच्या भिंतीशी पाठ टेकून उभी होतीस. युनिस नेहमीसारखी खुर्चीवर उभी राहून निकाल वाचायला लागली. पंच, एक जागा: हॅना. मतं भरपूर पडली, तू ऐकलीसच. मग तिने चष्मा सारखा केला आणि रिकाम्या ओळीवरची नावं वाचली, कारण तीही वाचायची असा नियम आहे.

“आल्डन स्टेटसन, एक.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत. मग युनिसने पुढची चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली.

“डेनी, एक. आडनाव नाही, बाद धरते.” आणि विचारलं, “हा डेनी कोण?”

गावात कोणाला माहीतच नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू ओठ घट्ट मिटून त्या नव्या छपराच्या पत्र्यांकडे बघत होतीस, हनुवटी थरथरत होती, अगदी नऊ वर्षांची असताना थरथरायची तशी. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या दिशेने दोन पावलं टाकली. मग खिडकीतून गॅरेजचं दार दिसलं. मी वळले आणि घरी आले.

आजपासून तुझे पहिले सहा महिने सुरू झाले. तुला कोणी हात लावू शकत नाही, आल्डनने तशी सोय करून ठेवली आहे. त्यानंतर कोणी सह्या घेत फिरलं तर फिरो, माझं दार वाजवू नका म्हणावं.

तू स्वतःला मत दिलं नाहीस. त्याला दिलंस. तुझं मन मला कळत नाही असं नाही गं. पण त्याला तुझं मत नको होतं, हॅना. त्याला गाडी हवी होती.

लोइस